एका बाजूने कोरा रुपया: पॅटर्न, टांकसाळीतली चूक की घासलेलं नाणं?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या एका गृहस्थांनी फोटोंसह प्रश्न पाठवला आहे. आजोबांच्या लाकडी पेटीत त्यांना जुन्या रुपयाएवढं एक नाणं सापडलं. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’ अशी अक्षरं, दुसरी बाजू साफ कोरी. इतवारीच्या बाजारात एकाने सांगितलं, “हे पॅटर्न नाणं आहे, लाखात जाईल.” दुसऱ्याने हातात घेऊन “कुणीतरी घासलंय” म्हणत परत दिलं. दोघांपैकी खरं कोण, हा त्यांचा प्रश्न. सोबत मुलीचाही एक प्रश्न आहे. ती चित्रकला महाविद्यालयात शिकते. नवीन नाण्याचं डिझाइन ठरतं कसं, आणि त्यात चित्रकाराचं काम नेमकं किती, हे तिला जाणून घ्यायचंय.

आधी वडिलांना थोडक्यात सांगतो. फोटो पाहून माझा कल घासलेल्या नाण्याकडे आहे. पण वजन केल्याशिवाय कुणीही ठाम बोलू नये, मीही बोलणार नाही. वजन कसं करायचं, आणखी काय काय पाहायचं, ते पुढे येईलच. मधला भाग मुलीच्या प्रश्नाचा आहे आणि तो वडिलांनीही वाचावा. नाणं कसं घडतं हे ठाऊक नसेल तर पॅटर्न ओळखताच येत नाही. बाजारात या शब्दाचा जो सुळसुळाट झालाय त्याचं कारणही हेच आहे. जरा वेगळं दिसणारं कुठलंही नाणं दिसलं की लोक त्याला पॅटर्न म्हणून मोकळे होतात.

पॅटर्न म्हणजे नमुना नाणं. चलनात आणायच्या नाण्याचा आराखडा पक्का होण्याआधी टांकसाळ ते पाडते, अधिकाऱ्यांना दाखवते, तपासते आणि बहुतेक वेळा परत घेऊन वितळवते. शिंपी कच्ची शिलाई घालून कपडा अंगाला लावून बघतो, तसाच हा प्रकार आहे. कच्ची शिलाई नंतर उसवायची असते, म्हणूनच पॅटर्न दुर्मिळ. पण दुर्मिळ असणं ही त्याची ओळख नव्हे. मी एक साधी कसोटी लावतो. खरा पॅटर्न हे टांकसाळीला पडलेल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. हा धातू चालेल का? एवढा उठाव, म्हणजे सपाट भागावर वर आलेली आकृती, एका दाबात उमटेल का? हा आकार यंत्रात अडकेल का? लोकांना ही आकृती पटेल का? समोर आलेला तुकडा यांपैकी कोणत्या प्रश्नासाठी पाडला असेल, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर तो तुकडा कितीही विचित्र दिसो, मी त्याला पॅटर्न म्हणत नाही.

दोन-तीन उदाहरणं देतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६मध्ये राजगादी सोडली. त्याच्या मुखवट्याची, म्हणजे चेहऱ्याची, नाणी १९३७च्या सुरुवातीला निघायची होती, ठसेही तयार होते. ती कधी चलनात आलीच नाहीत. पण त्यांतलं बारा कोनांचं पितळी तीन पेनीचं नाणं अगदी नव्या धाटणीचं होतं. ते यंत्रांत चालतं का हे पाहण्यासाठी काही नमुने नाण्यांवर चालणारी यंत्रं बनवणाऱ्यांना दिले होते. त्यांतले काही परत आलेच नाहीत. ही नाणी आज अस्तित्वात का आहेत, याचं उत्तर इतकं सरळ आहे. प्रश्न होता, प्रश्नासाठी नाणी पाडली, त्यांतली काही बाहेर राहिली. याच राजाच्या सॉव्हरिन नावाच्या सोन्याच्या नाण्याचा एक नमुना २०२०मध्ये १० लाख पौंडांना विकला गेला. त्याला मिळालेली किंमत सोन्याची नाही. तो कुठून निघाला, कुणाकडे होता, याची साखळी शाबूत असल्याची आहे. गंमत म्हणजे लंडनला ज्या राजाची नाणी निघू शकली नाहीत, त्याच्या नावाची नाणी आपल्याकडे कच्छ संस्थानाने काढली होती. त्यांवर मुखवटा नाही, फक्त नाव आहे. ती रीतसर चलनात होती, म्हणून ती पॅटर्न नव्हेत.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९७३च्या सुमारास तांबं महागलं, तेव्हा त्यांनी १९७४ हे साल घालून एक सेंटची अॅल्युमिनियमची नाणी पाडली. पंधरा लाखांच्या वर पाडली आणि लोकप्रतिनिधींना पाहायला काही नमुने दिले. नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रवाल्यांनी विरोध केला. बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हता: पोराने असं नाणं गिळलं तर एक्स-रेमध्ये ते धड दिसणार नाही! बेत रद्द झाला, नाणी वितळवली, पण वाटलेल्यांपैकी काही परत आली नाहीत. पुढे डेन्व्हर टांकसाळीतलं असंच एक नाणं एका कुटुंबाकडे निघालं, तेव्हा तिथल्या सरकारने ‘हा माल आमचा’ म्हणून वाद घातला. अखेर २०१६मध्ये त्या कुटुंबाला ते परत करावं लागलं. पॅटर्नच्या बाबतीत मालकीचा प्रश्न असा कधीही उभा राहू शकतो. आपण मात्र ६०च्या दशकात अॅल्युमिनियमचे पैसे सर्रास वापरले. तोच धातू एका देशात नमुन्यापलीकडे गेला नाही आणि दुसऱ्या देशात रोजचा झाला.

तिसरं उदाहरण थेट चित्रकारासाठी आहे. १९०७ साली अमेरिकेच्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यासाठी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या नामवंत शिल्पकाराकडून आराखडा घेतला. उठाव इतका खोल की नमुने पाडताना एकेका नाण्यावर नऊपर्यंत दाब द्यावे लागले, मध्ये मध्ये तापवून धातू मऊ करावा लागला. शिल्प म्हणून ते अप्रतिम आहे. पण मिनिटाला ढिगाने नाणी पाडायची तर एका दाबात काम व्हायला हवं. शेवटी टांकसाळीने उठाव कमी करूनच ते नाणं चलनात आणलं. शिल्पकाराची इच्छा आणि दाबयंत्राची ताकद यांच्यातला झगडा त्या नमुन्यांत स्पष्ट दिसतो.

आता मुलीचा प्रश्न.

आपल्याकडे नाण्यांचा अधिकार केंद्र सरकारचा. रिझर्व्ह बँक, म्हणजे आपल्या संविधान चौकातल्या कार्यालयासह तिची सगळी कार्यालयं, नाणी फक्त लोकांपर्यंत पोचवते. नाणी पाडतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळी. कोणतं मूल्य, कोणता धातू, किती वजन, किती व्यास, कडेला किती खाचा, दोन्ही बाजूंना काय असेल, हे सगळं अर्थ मंत्रालय ठरवतं आणि राजपत्रात छापतं. राजपत्रात आलं की आराखडा पक्का. पॅटर्नचं आयुष्य त्याआधीचं असतं.

आराखडा कुणीही काढू शकतो, टांकसाळीतला कलाकार किंवा बाहेरची संस्था. २०१९मध्ये आलेली १, २, ५, १० आणि २० रुपयांची मालिका अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने आखली. मुलीने त्या मालिकेतली नाणी जरूर हातात घेऊन पाहावीत, कारण त्यांत चित्रापेक्षा हाताच्या स्पर्शाचा विचार जास्त आहे. एक रुपया २० मिलिमीटर, दोन रुपये २३, पाच रुपये २५, दहा आणि वीस रुपये दोन्ही २७, पण वीसचं नाणं बारा कोनांचं. मूल्य वाढतं तसा आकार आणि वजन वाढतं, त्यामुळे दृष्टी नसलेल्या माणसाला खिशातल्या खिशात नाणी वेगळी करता येतात.

हे आधी का झालं नाही, असं वाटेल. १९९२पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा होता. २०११च्या मालिकेत रुपया लहान केला आणि दोन रुपयांचं नाणं काढलं तेही बरोबर २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. जुना रुपया चलनात असतानाच हे झालं. तीच गोलाई, तेच वजन, तोच धातू, पण किंमत दुप्पट. डोळस माणूसही संध्याकाळच्या अंधुक उजेडात भाजीवाल्याला एकाऐवजी दुसरं देऊन बसतो, मग अंध माणसाचं काय झालं असेल? कागदावर दोन्ही आराखडे सुबक होते. खिशात जुनं आणि नवं नाणं एकत्र पडल्यावर काय होईल, एवढाच प्रश्न कुणीतरी वेळेत विचारायला हवा होता. माझ्या मते नाण्याच्या डिझाइनमधला हा पहिला प्रश्न असावा, आणि आकृती त्यानंतर यावी. दहा रुपयांच्या नाण्याचंही तेच झालं. इतके आराखडे एकाच वेळी फिरत होते की आपल्याकडे कित्येक दुकानदार ते घ्यायलाच तयार नव्हते. शेवटी जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की चौदाही आराखड्यांची नाणी खरी आहेत, बिनदिक्कत घ्या.

कागदावरचं चित्र पसंत पडलं की ते उठावात आणतात. पूर्वी आधी माती, मग प्लास्टर, तेही नाण्याच्या कित्येक पट मोठं, ताटाएवढं. त्यावर कठीण थर चढवून ती प्रतिकृती आकार लहान करणाऱ्या यंत्रावर बसवायची. फ्रान्सच्या जानव्हिएचं यंत्र यासाठी जगभर वापरलं गेलं. त्याची एक सुई मोठ्या प्रतिकृतीवरून हळूहळू फिरते आणि दुसऱ्या टोकाला तीच हालचाल लहान होऊन पोलाद कोरत जाते. आज बराचसा भाग संगणकावर होतो. उठाव पडद्यावरच घडवतात आणि यंत्र किंवा लेझर तो पोलादात उतरवतो. यातून जो मूळ पंच, म्हणजे ठसा उमटवायचा पोलादी तुकडा, तयार होतो त्यावर आकृती नाण्यासारखीच सुलट आणि उठावाची असते. तो मऊ पोलादात दाबला की उलटा, खोलगट मूळ ठसा मिळतो. त्या ठशावरून पुन्हा पंच, त्या पंचावरून कामाचे ठसे. ठसे झिजतात, फुटतात, पण मूळ पंच सुरक्षित असेल तर पहिल्या आणि शेवटच्या नाण्यात फरक पडत नाही.

इथे एक गोष्ट भिंगातून दाखवावीशी वाटते, कारण ती देवनागरीत काम करणाऱ्या कलाकाराला फार उपयोगी आहे. नाण्यावर अक्षर वर उठलेलं असतं, म्हणजे ठशात ते खोल खणलेलं असतं. मग ‘व’ किंवा ‘य’च्या पोटातली बंद जागा ठशात काय होते? चारी बाजूंनी खणलेल्या खड्ड्यात मधोमध उभं राहिलेलं पोलादाचं एक इवलंसं बेट. लाखो वेळा दाब बसला की अशी बेटं आधी तुटतात. बेट तुटलं की पुढच्या प्रत्येक नाण्यावर त्या अक्षराचं पोट भरलेलं येतं. उलट ठशाच्या बारीक खाचेत तेल आणि धातूचा चुरा साचला की अक्षर अर्धंच उमटतं किंवा गायब होतं. सिंहांच्या खालचं ‘सत्यमेव जयते’ ही नाण्यावरची सगळ्यात बारीक अक्षरं. खिशातली दहा-वीस नाणी काढून फक्त तेवढीच ओळ भिंगाखाली पाहा. एखाद्या नाण्यावर मात्रा नाही, एखाद्यावर ‘व’ भरलेला. बाजारात असली नाणी ‘दुर्मिळ’ म्हणून विकणारे आहेत, पण ती दमलेल्या ठशाची नाणी, एवढंच. डिझाइन करणाऱ्याने मात्र यातून घ्यायचं ते हे, की अक्षराच्या पोटाला जागा सोडा आणि शिरोरेषा दोरीसारखी बारीक करू नका. छापाईसाठी काढलेला टाइप जसाच्या तसा नाण्यावर टाकून चालत नाही.

दुसरी अडचण धातूच्या वाहण्याची. कोरी चकती दोन ठशांमध्ये सापडते, भोवती कॉलर, म्हणजे धातू बाहेर पसरू न देणारं कडं, असते आणि एका क्षणात धातू दोन्हीकडच्या खोलगट जागांत शिरतो. एका बाजूला जिथे उठाव सर्वांत जास्त, नेमकं त्याच्या पाठीमागे दुसऱ्या बाजूचाही मोठा उठाव ठेवला तर धातू पुरत नाही. मग एका बाजूची आकृती फिकी पडते किंवा तिची पुसट छाया दुसऱ्या बाजूच्या सपाट भागावर दिसते. पाचव्या जॉर्जच्या इंग्लिश पेनींवर राजाच्या डोक्याची अशी छाया मागच्या बाजूला दिसायची आणि ती घालवायला टांकसाळीला मुखवटा बदलावा लागला. म्हणून दोन बाजूंची चित्रं दोन वेगळ्या कलाकारांनी काढली असली तरी ती एकमेकांवर ठेवून पाहावीच लागतात. शिवाय कुठलाही उठाव कडेच्या वर जाता कामा नये. तो वर गेला तर नाण्यांची चळत नीट बसत नाही आणि चेहरा पहिल्या वर्षातच झिजतो.

हे सगळं यंत्रयुगातलं. आपल्या नागपूरकर भोसल्यांचे रुपये आठवा, मुघल बादशहाच्या नावाने पाडलेले. ते हातोड्याने ठोकलेले असायचे. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकुराचा जेवढा तुकडा चकतीवर पडेल तेवढाच यायचा. तिथे प्रत्येक नाणं दुसऱ्यापेक्षा थोडं वेगळंच असतं. म्हणून भोसल्यांचा एखादा वेगळा दिसणारा रुपया ‘पॅटर्न’ म्हणून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. नमुना पाडून मंजुरी घेण्याची पद्धत तिथे लावताच येत नाही. एकसारखी नाणी हवीत, हा आग्रह इंग्रजी अमलात पक्का झाला. १८३५च्या कायद्याने १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, रुपया कंपनीच्या मुलखात सगळीकडे सारखा केला आणि पुढे ठसे, नमुने, मंजुरी हा सगळा व्यवहार रुळला.

तरीही नमुना योग्य माणसांना दाखवला नाही तर काय होतं, त्याचं आपल्याच इतिहासातलं उदाहरण म्हणजे १९११चा रुपया. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी कोरली होती आणि तिच्यात एक छोटासा हत्ती होता. सोंड आखूड, पाय आखूड. लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांत संतापाची लाट आली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतले जेमतेम ७ लाख बाहेर गेले. उरलेले वितळवले आणि १९१२च्या रुपयावर हत्तीची सोंड नीट दाखवली. लंडनला बसलेल्या कलाकाराला तो हत्तीच दिसत होता. इथल्या एखाद्या कारकुनाच्या, शिपायाच्या हातात नमुना दिला असता तर चूक एका मिनिटात कळली असती. १९११चा रुपया चलनात आला होता, म्हणून तो पॅटर्न नाही. मी तो इथे सांगतोय, कारण नमुन्याच्या टप्प्यावर जो प्रश्न विचारायचा राहिला, त्याची किंमत किती पडू शकते ते त्यातून दिसतं.

आता तुमच्या नाण्याच्या काळाकडे येऊ. स्वातंत्र्य मिळालं तरी १५ ऑगस्ट १९५०पर्यंत राजाच्या मुखवट्याचीच नाणी चालू होती. त्या दिवशी नवी मालिका आली. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि रुपयाच्या मागच्या बाजूला वाघाऐवजी धान्याची कणसं. मधली तीन वर्षं आराखड्यांची होती आणि त्या काळातले १९४९ साल घातलेले नमुने संग्राहकांना माहीत आहेत. चलनातल्या कुठल्याही नाण्यावर सिंह आणि १९४९ हे साल एकत्र येत नाही. म्हणून तसं नाणं दिसलं तर ते एकतर खरा नमुना किंवा बनावट, मधला पर्याय नाही. पण या रुपयाचं साल मागच्या बाजूला असतं आणि तुमची मागची बाजूच कोरी आहे. म्हणजे सर्वांत मोठा पुरावा जिथे असायला हवा, ती जागाच रिकामी आहे. म्हणूनच मी सावध आहे.

एका बाजूने कोरं नाणं तीन प्रकारे तयार होऊ शकतं. पहिला प्रकार, टांकसाळीने मुद्दाम एकाच ठशाची चाचणी घेतलेली. पूर्वी कोरीव काम करणारे कारागीर शिशासारख्या मऊ धातूवर अशी छाप घेऊन आपलं काम तपासत. दुसरा, यंत्रात एकावर एक दोन चकत्या शिरल्या आणि प्रत्येकीची एकच बाजू उमटली. ही टांकसाळीतली चूक, पॅटर्न नव्हे, पण संग्राहक तिला पैसे देतात. तिसरा, कुणीतरी नंतर घासलेलं. असं घासण्याची कारणं पुष्कळ असतात. कुणी बटण केलं, कुणी पदक, कुणी लॉकेटात बसवलं, कुणी दोन नाण्यांचे अर्धे जोडून दोन्हीकडे छापा असलेलं नाणं केलं आणि सांधा सुटल्यावर एक अर्धं पेटीत राहिलं. तिसऱ्या प्रकारची नाणी पहिल्या दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त सापडतात.

तपासणी घरी सुरू करता येते. १९५०–५४चा रुपया शुद्ध निकेलचा, २८ मिलिमीटर व्यासाचा, ११.६६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे तोच जुना एक तोळा. इतवारीत कुठल्याही सराफाकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे, तिथे वजन करा. निकेल कठीण असतं, वापराने होणारी घट किरकोळ असते. पण मागची आकृती आणि कड पूर्ण उडवायची तर अर्धा ग्रॅम तरी धातू जातोच, बहुतेक वेळा त्याहून बराच जास्त. तुमचं नाणं ११ ग्रॅमच्या खाली भरलं तर प्रश्न तिथेच मिटला. ११.६च्या आसपास भरलं तर मात्र पुढे जायचं.

मग चुंबक लावा. शुद्ध निकेलला चुंबक चिकटतो, तांबं-निकेलच्या मिश्रणाला चिकटत नाही. चिकटलाच नाही तर धातू वेगळा आहे. असं नाणं बनावट असू शकतं, किंवा वेगळ्या धातूत घेतलेली चाचणीही असू शकते. हॉलमार्किंग केंद्रात सोनं तपासायला जे एक्सआरएफ यंत्र असतं ते नाण्याला ओरखडाही न पाडता धातूचं प्रमाण सांगतं. तिथे विनंती करून पाहा.

त्यानंतर कड पाहा, आणि इथे घाई करू नका. बर्डीवर जुन्या नाण्यांच्या दुकानात त्याच मालिकेचा एक साधा रुपया घ्या आणि दोन्ही शेजारी उभे धरा. तुमच्या नाण्याची जाडी सगळीकडे सारखी आहे का? फोटोत मला ती एकीकडे पातळ वाटली. हाताने घासताना जोर एका बाजूला जास्त पडतो, टांकसाळीत तसं होत नाही. कडेवरच्या खाचा कोऱ्या बाजूच्या टोकापर्यंत जातात का, की मध्येच कापल्यासारख्या संपतात? मग कोरी बाजू उजेडात तिरपी धरून दहापट भिंगाने पाहा. ठशाखाली दबलेल्या धातूवर एक सलग, मऊ चकाकी असते. कानस किंवा पॉलिश पेपर फिरवलेल्या पृष्ठभागावर एकाच दिशेच्या किंवा गोल फिरलेल्या बारीक रेघा असतात, मागाहून कितीही घोटलं तरी कडेजवळ त्या सापडतातच. डाग असेल तर तो कुठे संपतो तेही बघा. सिंहांच्या बाजूला जुना काळसरपणा आणि मागे लख्ख पांढरं, असं असेल तर मागची बाजू नंतरची आहे.

आणि कृपा करून नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीही नाही. घरोघरी दिवाळीच्या आधी देवाच्या भांड्यांबरोबर नाणीही घासली जातात, त्यात पुरावाही जातो.

समजा वजन बरोबर भरलं, चुंबक चिकटला, कड शाबूत निघाली, रेघा नाहीत. तरीही ते पॅटर्न ठरत नाही. मुद्दाम घेतलेली एकतर्फी छाप आणि दोन चकत्या एकत्र शिरल्याने झालेली चूक, या दोन्हींत नुसतं नाणं पाहून फरक करणं फार अवघड आहे. तिथे कागद लागतो. आजोबा किंवा घरातलं कुणी टांकसाळीत, रेल्वेच्या किंवा सरकारी खजिन्यात, बँकेत नोकरीला होतं का? पेटीत जुना लिफाफा, चिठ्ठी, पावती आहे का? ज्या पेटीत नाणं सापडलं तिच्यातलं काहीही फेकू नका. पॅटर्न बाहेर येतो तो कुणाच्या तरी हातून येतो आणि तो हात कोणता होता हे सांगता आलं तरच त्याला किंमत येते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण ती विकणाऱ्याच्या सोयीची नाही. मुंबई आणि कोलकाता टांकसाळी १९७०च्या सुमारापर्यंत संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या ठशांनी इंग्रजी अमलातली नाणी पुन्हा पाडून देत. याला फेरटंकन किंवा रीस्ट्राइक म्हणतात. ती टांकसाळीचीच, खऱ्या ठशांची, आरशासारखी चकचकीत असतात. त्यांत मूळ नमुन्यांची फेरटंकनंही आहेत. वर्षानुवर्षं ठेवलेल्या ठशाला गंज धरतो आणि त्या गंजाचे खड्डे नाण्याच्या सपाट भागावर बारीक पुटकुळ्या होऊन उमटतात. भिंगाखाली त्या दिसल्या की हे उशिराचं काम, असं समजावं. मूळ नमुना आणि फेरटंकन यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण दुकानात दोन्हींना एकच नाव दिलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. तुमच्या नाण्याचा याच्याशी संबंध नाही. तरी आजोबांच्या पेटीत व्हिक्टोरिया किंवा विल्यमचं एखादं फारच चकचकीत नाणं असेल तर हे लक्षात ठेवा.

किमतीबद्दल सांगायचं तर, घासलेला रुपया निघाला तर त्याला बाजारभाव नाही, घरची आठवण म्हणून ठेवा. टांकसाळीतली चूक निघाली तर लिलावगृहाला दाखवण्याजोगं आहे. पहिल्या प्रकाराची खरोखर शक्यता वाटली तर पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या, नाणं तपासून सीलबंद करून देणाऱ्या संस्थेकडे पाठवल्याशिवाय एक रुपयाचाही सौदा करू नका. ‘लाखात जाईल’ म्हणणाऱ्याला तोपर्यंत नाणं ठेवायलाही देऊ नका.

मुलीला एक काम सांगतो. तिने या रुपयाची मागची बाजू स्वतः आखून पाहावी. कागदावर नको, मातीत, साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची, आणि उठाव कुठेही चार मिलिमीटरच्या वर नाही. समोरच्या बाजूला सिंहांची छाती मधोमध आहे हे गृहीत धरून आपला मोठा उठाव तिने कुठे ठेवला, ते मला कळवावं. वडिलांनी वजन, चुंबकाचा निकाल आणि कडेचे जवळून घेतलेले फोटो पाठवावेत. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, चारही बाजूंनी एकेक.